सांता क्लारा कौंटी कोर्टातून घटस्फोटाच्या निकालाची सर्टिफाइड कॉपी हवी आहे, पुण्यातून कशी मागवू?

सायली_सहकारनगर

नमस्कार. यातून कुणी गेलं असेल तर कृपया जरा सविस्तर लिहा. मी तीन महिने याच एका कागदाच्या मागे आहे.

माझं लग्न २००६ साली पुण्यात झालं, वैदिक पद्धतीने. नंतर आम्ही कॅलिफोर्नियात सनीव्हेलला होतो. २०११ मध्ये तिथेच, सॅन होजेच्या कोर्टात, आमचा घटस्फोट झाला. शेवटी भांडायला काही उरलं नव्हतं, दोघांनी बसून कागदांवर सह्या केल्या. २०१२ मध्ये मी कायमची परत आले. येताना निकालाची प्रत एका निळ्या फाइलमध्ये घालून आणली होती आणि ती कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवली होती.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याचं पाणी चढलं ते पुणेकरांना आठवत असेल. आमचं घर तळमजल्यावर. दुसऱ्या दिवशी चिखल उपसून ती फाइल काढली तर पानं एकमेकांना चिकटून पार लगदा झाला होता. आईने जुन्या साडीवर एकेक पान पसरायचा प्रयत्न केला, पण शाईच राहिली नव्हती. तेव्हा मनात म्हटलं, जाऊ दे, आता कुठे लागणार आहे.

आता लागतंय. मी पुन्हा लग्न करतेय, स्पेशल मॅरेज ॲक्टखाली. आम्ही दोघं विवाह नोंदणी कार्यालयात नोटीस द्यायला गेलो तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी डिक्री, म्हणजे घटस्फोटाचा निकाल, मागितला. माझ्या फोनमध्ये पहिल्या पानाचा एक फोटो आहे, २०१२ मध्ये भावाला पाठवायला काढलेला. तो दाखवला. त्या म्हणाल्या, "मॅडम, फोटोवर नाही होणार. कोर्टाच्या सही-शिक्क्याची प्रत आणा, आणि बाहेरची आहे तर अपॉस्टिल करून आणा." (अपॉस्टिल म्हणजे कागदावरची सही-शिक्का खरी असल्याचं, कागद जिथला तिथल्या सरकारने दिलेलं प्रमाणपत्र.) बरोबरच आहे त्यांचं. पण त्या फोटोत केस नंबरच्या शेवटच्या आकड्यांवर माझाच अंगठा आलाय. वर्ष आणि 'एफएल' (फॅमिली लॉ) ही अक्षरं तेवढी दिसतात.

आत्तापर्यंत काय केलं ते सांगते. आधी राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोला, व्हायटल रेकॉर्ड्सकडे (जन्म-मृत्यू-लग्नाच्या नोंदी ठेवणारं खातं) अर्ज पाठवला. दोन महिन्यांनी उत्तर आलं की या सालाची नोंद त्यांच्याकडे नसते. मग एका खासगी वेबसाइटला साठ डॉलर भरले. तिने पीडीएफ पाठवली, त्यात फक्त आमची दोघांची नावं, वर्ष आणि कौंटी. शिक्का नाही, सही नाही. तेव्हाच्या वकिलांचा फोन आता लागत नाही.

कुणाला लिहायचं, नेमकं काय मागायचं, इथून पैसे कसे भरायचे? आणि एक मनातलं विचारते. त्याला कळवावं लागतं का? त्याचा संसार आहे, मला त्याला यात ओढायचं नाहीये.

मंदार_के

सॅन फ्रान्सिस्कोच्या भारतीय कॉन्सुलेटला मेल करून बघा. अमेरिकेतले कागद तेच बघतात. माझ्या मेव्हण्याच्या पासपोर्टच्या वेळी त्यांनी बरीच मदत केली होती.

सनीव्हेलची_मावशी

मंदार, तुमचा हेतू चांगला आहे, पण या कामात कॉन्सुलेटचा उपयोग नाही. घटस्फोट कॉन्सुलेटने दिलेला नाही, तर कागद त्यांच्याकडे कुठून असणार? सायली, अगं, तू आता दुसरीकडे कुठेही अर्ज करू नकोस. मी १९९४ पासून या भागात आहे. २००३ मध्ये माझाही घटस्फोट याच कोर्टात झाला आणि माझी प्रत घर बदलताना गेली. त्यानंतर मी स्वतःसाठी एकदा आणि ओळखीच्या मुलींसाठी चार-पाचदा हे काम केलंय. सगळं सांगते.

पहिली गोष्ट मनात पक्की बसव. कॅलिफोर्नियात घटस्फोटाची फाइल ज्या कौंटीच्या सुपीरियर कोर्टात दावा दाखल झाला तिथेच राहते. लग्न कुठे झालं, आता कोण कुठे राहतं, याचा काही संबंध नाही. राज्याच्या ऑफिसकडे फक्त १९६२ ते जून १९८४ पर्यंतच्या घटस्फोटांची नोंद आहे, आणि तेही एक प्रमाणपत्र असतं, निकाल नव्हे. म्हणून तुझा अर्ज परत आला. सनीव्हेल, कुपर्टिनो, माउंटन व्ह्यू हे सगळं सांता क्लारा कौंटीत. (फ्रीमॉंटच्या मुली इथे चुकतात. फ्रीमॉंट सॅन होजेला लागून असलं तरी ते अलमेडा कौंटीत आहे, त्यांचं कोर्ट वेगळं.)

तुला कदाचित पार्क सेंटर प्लाझामधली ती इमारत आठवत असेल. फॅमिली कोर्ट आता तिथे नाही. २०१६ पासून ते २०१ नॉर्थ फर्स्ट स्ट्रीटला आहे, सेंट जेम्स पार्कजवळ, फॅमिली जस्टिस सेंटर म्हणतात. जुन्या पत्त्यावर काही पाठवू नकोस.

आता केस नंबर. तो मिळाला की अर्धं काम झालं. कोर्टाच्या वेबसाइटवर नावाने शोधता येतं. तुझ्या नावाने नाही सापडला तर त्याच्या नावाने शोध, कारण दावा ज्याने दाखल केला त्याचं नाव आधी येतं. आपल्या आडनावांचं स्पेलिंग या लोकांनी कसं टाइप केलं असेल याचा नेम नाही, तेव्हा दोन-तीन प्रकारे करून बघ. लग्नानंतरचं आडनाव, माहेरचं आडनाव, दोन्ही. नंबर आणि केसमध्ये कधी काय दाखल झालं याची यादी दिसेल, पण प्रत्यक्ष कागद घरबसल्या उघडणार नाहीत. कौटुंबिक खटल्यांचे कागद बाहेरच्या माणसाला फक्त कोर्टातल्या कॉम्प्युटरवर दिसतात, हा राज्याचा नियमच आहे. ती पीडीएफवाली वेबसाइट म्हणूनच नावांपुढे जाऊ शकली नाही. नंबर काही केल्या नाहीच मिळाला, तरी नावं आणि वर्ष देऊन क्लार्कला शोधायला सांगता येतं. शोधायला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर १५ डॉलर घेतात.

काय मागायचं ते नीट लिही. नुसतं 'डिव्होर्स पेपर्स' लिहिलंस तर काय हातात येईल सांगता येत नाही. 'जजमेंट, फॉर्म एफएल-१८०, सर्व जोडपत्रांसह, सर्टिफाइड' असं लिही. एफएल-१८० हाच तुमचा निकाल. त्यात चौथ्या मुद्द्यात एक तारीख असते, ज्या दिवसापासून दोघं कायद्याने पुन्हा अविवाहित झाले ती. कोर्टाने निकाल नोंदवला ती तारीख वेगळी आणि ही वेगळी असू शकते, कारण इथे दाव्याचे कागद समोरच्याला मिळाल्यापासून किमान सहा महिने जावे लागतात. नोंदणी कार्यालयातल्या बाईंना ही तारीख दाखव. त्याच मुद्द्यात खाली माहेरचं नाव परत दिल्याची ओळ असते, तीही बघून घे. ती ओळ रिकामी असेल तर घाबरू नकोस, एफएल-३९५ नावाचा वेगळा अर्ज करून नाव नंतरही परत मिळतं.

पैसे. घटस्फोटाचा निकाल सर्टिफाय करायचे १५ डॉलर, वर कॉपीचे पानाला ५० सेंट. पानं किती ते इथून कसं कळणार? त्यासाठी चेकवर रक्कम न भरता 'नॉट टू एक्सीड' असं लिहून वरची मर्यादा घालतात, मग क्लार्क खरी रक्कम भरतो. पण चेक अमेरिकन बँकेचा लागतो. आणि सोबत तिकीट लावलेलं परतीचं पाकीट लागतं, त्यावर भारताची तिकिटं चालत नाहीत. या दोन गोष्टींपायी तिकडून केलेले अर्ज अडकतात. तेव्हा इथल्या विश्वासातल्या माणसाला गाठ. फाइल सीलबंद नसेल तर ती जनतेला खुली असते, तुझी मैत्रीणही खिडकीवर जाऊन मागू शकते. तिने जाणं उत्तम. खिडकीवर सांगायचं की भारतात वापरायला अपॉस्टिल करायचं आहे. म्हणजे ज्यांच्या सहीचा नमुना राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे आहे अशा अधिकाऱ्याची सही घ्यायला ते बघतात.

सही-शिक्का मिळाला की तो कागद सॅक्रामेंटोला सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे. एका अपॉस्टिलचे २० डॉलर. सोबतच्या पत्रात देशाचं नाव 'इंडिया' असं लिहायला विसरायचं नाही. सर्टिफाइड कॉपीचा स्टेपल काढायचा नाही! झेरॉक्स काढायला म्हणून एका मुलीने काढला आणि तिचा कागद परत आला. अपॉस्टिल दिल्लीत किंवा मुंबईत होणार नाही. कागद ज्या राज्याचा, त्याच राज्याने तो करायचा. भारत २००५ पासून अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, म्हणून पुढे कॉन्सुलेटच्या शिक्क्याची गरज पडत नाही.

आणि नाही, त्याला कुणी कळवत नाही. नोटीस जात नाही, सही लागत नाही. तुझा कागद तू मागतेयस, बस्स. हे वाचून शांत झोप.

सायली_सहकारनगर

मावशी, काय बोलू. शेवटचं वाचून खरंच रडले. माझी एक मैत्रीण मिल्पिटासला आहे, ती जायला तयार आहे.

वेबसाइटवर माझ्या नावाने काहीच आलं नव्हतं. तुम्ही सांगितलं तसं त्याच्या नावाने शोधलं आणि दुसऱ्याच प्रयत्नाला नंबर मिळाला. माझ्या आडनावातला एक 'एच' गाळला होता त्यांनी.

वकीलताई_नाशिक

सायलीताई, मी इथे कौटुंबिक न्यायालयात काम करते. मैत्रीण कोर्टात जाणारच आहे, तर तिच्या यादीत अजून एक कागद घाला. नंतर पुन्हा खेप नको.

तुमचं लग्न हिंदू पद्धतीने भारतात झालं. अशा लग्नाचा घटस्फोट परदेशी कोर्टाने दिला की आपल्याकडे दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १३ बघतात, परदेशी निकाल भारतात कधी मानायचा ते त्यात आहे. त्यावर सुप्रीम कोर्टाचा १९९१ चा नरसिंह राव खटल्यातला निकाल आहे. तो खटलाही एका कौंटी कोर्टाच्या डिक्रीवरूनच झाला होता, मिसूरीतल्या सेंट लुईस कौंटीच्या. तिथे पत्नीने अमेरिकेतल्या कोर्टाचा अधिकार मान्य केला नव्हता आणि ती डिक्री आपल्याकडे टिकली नाही. त्या निकालात तत्त्व असं सांगितलंय की घटस्फोट ज्या कायद्याने लग्न झालं त्यातल्या कारणावर हवा. पण दुसऱ्या बाजूने स्वखुशीने त्या कोर्टाचा अधिकार मान्य करून आपल्या कायद्यातल्या कारणावरचा दावा लढवला असेल किंवा घटस्फोटाला संमती दिली असेल, तर ती डिक्री चालते.

कॅलिफोर्नियात घटस्फोट 'न जुळणारे मतभेद' या कारणावर देतात, आपल्या हिंदू विवाह कायद्यात ते कारण नाही. म्हणून तुमच्या बाबतीत दोघांची संमती हाच आधार आहे, आणि तो कागदावर दिसायला हवा. निकालाला दोघांच्या सह्यांचा करार जोडलेला असेल तर उत्तम. तरीही तुम्ही कोर्टात काय दाखल केलं होतं ते बघा. उत्तर दिलं असेल तर एफएल-१२०, उत्तर न देता हजेरी आणि संमती नोंदवली असेल तर एफएल-१३०. जो असेल त्याचीही सर्टिफाइड कॉपी घ्या. बऱ्याच जणी फक्त डिक्री आणतात, आणि पाच-सात वर्षांनी मालमत्तेच्या किंवा वारसाच्या वादात कुणीतरी प्रश्न काढतं की हा घटस्फोट भारतात वैध होता का. तेव्हा हा एक कागद फार मोठा आधार होतो.

त्याच खटल्यात डिक्रीच्या प्रतीचाही मुद्दा आला होता. कोर्ट म्हणालं की ती फोटोकॉपी आहे म्हणून नाकारता येत नाही, त्यावर कायद्याला हवं तसं प्रमाणीकरण नाही म्हणून ती पुराव्यात घेता येत नाही. त्यामुळे सही, शिक्का, अपॉस्टिल यातलं काही गाळू नका.

सनीव्हेलची_मावशी

वकीलताई, हे मला माहीत नव्हतं, फार मोलाचं सांगितलंत. सायली, निकाल सोडून बाकीचे कागद सर्टिफाय करायला प्रत्येकी ४० डॉलर पडतात, तेवढे जास्त दे मैत्रिणीकडे. आणि अपॉस्टिल दोन लागतील.

डॅलसजवळचा_संतोष

इतर राज्यांतले वाचक असतील त्यांच्यासाठी थोडं लिहितो, कारण आम्ही बहिणीच्या वेळी चुकीच्या खिडकीवर रांग लावली होती. टेक्ससमध्ये कौंटी क्लार्क आणि डिस्ट्रिक्ट क्लार्क अशी दोन वेगळी ऑफिसं असतात. लग्नाचं लायसन्स कौंटी क्लार्ककडे, घटस्फोटाची डिक्री डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे. राज्याचं आरोग्य खातं १९६८ पासूनच्या घटस्फोटांचं पडताळणीपत्र देतं, पण ती डिक्री नसते आणि डिक्रीच्या सर्टिफाइड कॉपीच्या जागी चालत नाही.

न्यूयॉर्कचं तर उलटंच. तिथे घटस्फोटाची फाइल १०० वर्षं बंद असते. नवरा, बायको किंवा त्यांचे वकील यांनाच मिळते, नाहीतर कोर्टाचा आदेश आणावा लागतो. मैत्रिणीला असंच पाठवून तिथे भागणार नाही.

सायली_सहकारनगर

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं. कागद आले.

मैत्रीण एका मंगळवारी सकाळी गेली. केस नंबर हातात होता म्हणून पटकन झालं असं म्हणाली. निकाल जोडपत्रांसकट ३१ पानांचा निघाला, म्हणजे कॉपीचे साडेपंधरा आणि सर्टिफाय करायचे पंधरा, साडेतीस डॉलर. यादीत एफएल-१३० दिसला, तोही घेतला. त्यावर माझी सही आहे. मला तो कागद अजिबात आठवत नव्हता. सॅक्रामेंटोला तिने पोस्टाने पाठवलं, दोन अपॉस्टिलचे ४० डॉलर. स्टेपलला कुणी हात लावला नाही, मावशी.

काल नोंदणी कार्यालयात गेलो. बाई त्याच होत्या. त्यांनी अपॉस्टिलचं पान उलटलं, शिक्क्यावरून बोट फिरवून बघितलं, चौथ्या मुद्द्यातली तारीख वहीत लिहून घेतली आणि नोटीस घेतली. आता तीस दिवस.

कागद आले त्या रात्री मी सगळी ३१ पानं वाचली. घराचं भाडं, गाडी, दोन बँक खाती, सगळं त्यात आहे. तुम्ही सांगितलेली नावाची ओळही बघितली. ती रिकामी नाही. तिथे माझं माहेरचं नाव टाइप केलंय, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, आणि यात कुठे 'एच' गाळलेला नाही. २०११ मध्ये मी ते मागून घेतलं होतं हे मी विसरूनच गेले होते. बाबा तेव्हा होते. मी आईला ते पान दाखवलं, ती चष्मा लावून बराच वेळ बघत बसली.